चौदाव्या धड्याच्या आधी

"माझ्या उन्हाळी वर्गात," वेंग लाओशी डीनसाहेबांना म्हणाले, "पोरानं एकदा शपथ घेतली, की इंग्रजीचा एक शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही. झोपेतसुद्धा नाही. हवं तर उशाशी येऊन बसा आणि ऐका."

एवढं बोलून त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या, आणि पलीकडच्या टेबलापाशी लॉयड स्टकीनं गरम सुपाचं पातेलं स्वतःच्या पायावर ओतलं.

लॉयडनं आधी येशू ख्रिस्ताला हाक मारली. मग सुपाच्या आईचा उद्धार केला. मग पातेल्याच्या. सगळं इंडियानातल्या अस्सल शेतकरी इंग्रजीत, आणि अशा आवाजात की भोजनगृहाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वराहपालन विभागाच्या मंडळींनी आदरानं टोप्या काढल्या.

"निदान सुरुवात तरी देवाच्या नावानं केली," डीन ल्यूडके म्हणाले आणि रुमालानं ओठ टिपून उठले. "चालू द्या, प्रोफेसर. दहाचं लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे," वेंग लाओशी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

दहाची भानगड अशी होती. आमच्या एल्डरबी कॉलेजात चिनी शिकवणारी माणसं दोनच. एक वेंग शाओथांग, म्हणजे सगळ्यांचे वेंग लाओशी, कारण आमच्यात शिक्षकाला लाओशी म्हणतात. आणि दुसरी मी, तुंग जुईयिन, तैपेईहून त्यांनीच बोलावून आणलेली त्यांची सहायक. ते मला श्याओ तुंग म्हणत, म्हणजे धाकटी तुंग. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. त्या उन्हाळ्यात डीननं सांगून ठेवलं होतं: उन्हाळी वर्गात दहा विद्यार्थी शेवटपर्यंत टिकले, तर चिनी भाषा विभाग कायम, तुंगबाईंची नोकरीही कायम. नऊ झाले, तर विभाग बंद, आणि खोली वराहपालनाला.

वर्गात विद्यार्थी होते बरोबर दहा.

आणि शपथ अशी होती. पहिल्या दिवशी प्रत्येक पोरानं हात वर करून म्हणायचं, की उन्हाळा संपेपर्यंत मी फक्त चिनी बोलेन. सगळीकडे. चर्चमध्ये, संडासात, आईशी फोनवर. आई घाबरली तरी. एकदा चूक झाली तर नाव फळ्यावर. दुसऱ्यांदा झाली तर सामान बांधा आणि घरी जा. शपथ वेंग लाओशींनी स्वतः लिहिली होती आणि तिच्यात कुठंही फट ठेवली नव्हती.

दुपारी त्यांनी फळ्यावर लॉयडचं नाव लिहिलं.

"लाओशी, भाजलाय तो," मी म्हणाले. "पायाला पट्टी बांधलीय. चालता येत नाही त्याला."

"शपथ पायानं घेतली नव्हती. तोंडानं घेतली होती."

"अजून एकदा चुकला तर नऊ उरतील."

"दहाचं कलम डीनचं आहे," ते खडू झटकत म्हणाले. "शपथेचं माझं आहे. त्याचं त्यानं सांभाळावं, माझं मी सांभाळतो."

"आणि माझं?"

"तू बाराव्या धड्याच्या प्रती काढ."

या माणसाशी भांडण्यात अर्थ नव्हता. लढाई संपल्यावर ते वर्षभरासाठी म्हणून अमेरिकेत शिकायला आले, आणि वर्ष संपायच्या आत मागे चीनमध्ये कम्युनिस्ट आले, देशच पालटला. परतायला जागा राहिली नाही. मग त्यांनी ठरवलं, आपण घरी जाऊ शकत नाही ना, तर घराची भाषाच इथं आणून बसवायची. पहिल्या कॉलेजात त्यांनी धर्मप्रसारकांना चिनी शिकवलं. विभाग छान उभा राहिला, आणि चीननं एकूण एक धर्मप्रसारक हाकलून दिले. दुसऱ्या ठिकाणी लष्कराला शत्रूचा रेडिओ ऐकणारी माणसं हवी होती. तिथंही विभाग उभा राहिला. कोरियातली लढाई थांबली, विभाग बंद झाला, आणि जाता जाता चौघा साहेबांनी त्यांना खोलीत बसवून विचारलं, की तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे. "क्रियापदांच्या," असं त्यांनी उत्तर दिलं म्हणतात. त्या उत्तरापायी त्यांना पुढची दोन वर्षं एका लॉन्ड्रीत शर्टांना इस्त्री करावी लागली.

मग रशियानं आकाशात एक चेंडू सोडला. वॉशिंग्टनमध्ये एवढी धावपळ उडाली, की ज्या भाषेतलं कुणाला ओ की ठो कळत नाही अशी प्रत्येक भाषा शिकवायला सरकारनं पैसे सोडले. एल्डरबीच्या तेव्हाच्या डीननं रशियन मागितली होती. कुठंतरी घोटाळा झाला आणि वेंग लाओशी आले.

पहिल्यांदा त्यांना बॉयलरशेजारची खोली मिळाली. मग कुस्तीगिरांची कपडे बदलायची. शेवटी जनावरांची पारख करायच्या हॉलच्या वरचा मजला. खाली डुकरं ओरडायची, वर आमची पोरं चढे-उतरे सूर घोकायची. जिन्यात नवा पाहुणा भेटला की कुठला आवाज कुणाचा ते सांगावं लागायचं.

त्या मजल्यावर सरकारच्या पैशातून आलेलं एक टेपचं यंत्र होतं, कपाटाएवढं. पाठ्यपुस्तकाचे सगळे धडे त्याच्या रिळांवर होते आणि आवाज होता लाओशींच्या बायकोचा. सूवेनबाईंचा. पेकिंगचा स्वच्छ, थंड पाण्यासारखा आवाज. पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य: "जेवलात का?" मग पोरांनी उत्तर द्यावं म्हणून थोडी शांतता. मग दुसरं वाक्य. सूवेनबाई जाऊन सहा हिवाळे झाले होते. रोज सकाळी वर्गाच्या आधी लाओशी एकटेच वर जात, पहिलं रीळ लावत, बाईंनी विचारलं की "हो, जेवलो" म्हणत, आणि यंत्र बंद करत. बंद करणंही त्यांनाच जमायचं. बटण केव्हाच तुटलं होतं. यंत्राच्या अंगावर एक ठरावीक जागा होती, तिथं कोपर मारलं की ते थांबायचं. मी मारून पाहिलं होतं. मला फक्त कोपर दुखल्याचं आठवतंय.

त्यांची शिकवायची पद्धतही तशीच घट्ट. जो धडा झाला नाही त्यातला शब्द वापरायचा नाही. एका पोरीनं कोशातून 'निराशा' हा शब्द शोधून वापरला, तर तिला अर्धा तास ऐकावं लागलं. "निराशा एकविसाव्या धड्यात आहे. तोवर थांब."

आमचा अकरावा धडा चालू होता. रेल्वे स्टेशनवर.

फळ्यावर नाव लागल्यापासून लॉयड हादरला होता. आडदांड पोरगा, बापाची मक्याची शेती. चिनी का शिकतोस असं विचारलं तर म्हणायचा, की आमच्या गावातून आजवर कुणी शिकलं नाही म्हणून. लाओशींनी त्याला दाली हे चिनी नाव दिलं होतं, म्हणजे मोठ्या ताकदीचा. तो आता बोलायच्या आधी दोन्ही हातांनी तोंड धरायचा आणि मनात वाक्य तपासूनच हात काढायचा. त्याला 'नाही' म्हणायलाही वेळ लागे.

पुढच्या आठवड्यात मला शेरिफच्या कचेरीतून फोन आला.

"मॅडम, तुमचं एक पोरगं इथं आहे. गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून थांबवलं. नाव विचारलं तर म्हणतंय काय ते कळत नाही."

"दारू प्यायलाय का?"

"वास तर येत नाही. पण मी याच्या बापाला ओळखतो, मॅडम. बाप असं बोलत नाही."

मी लाओशींना घेऊन गेले. लॉयड गजाआड बाकावर ताठ बसला होता. समोर हवालदार घामाघूम.

"बघा आता," हवालदार म्हणाला. "ए लॉयड! तुझं नाव काय रे?"

"मी विद्यार्थी आहे," लॉयड चिनीत म्हणाला. "हे माझं पुस्तक आहे. ते तुमचं पुस्तक आहे का?"

"दिवा का बंद होता?"

लॉयडनं तोंड धरलं, विचार केला, हात काढले. "टेबलावर दिवा आहे. टेबलाखाली दिवा नाही."

गेल्या कित्येक वर्षांत मी वेंग लाओशींना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. "ऐकलंत?" ते हवालदाराचा हात धरून म्हणाले. "तुरुंगात! दोन्ही वाक्यं! आणि सूर बघा कसे लागलेत!"

"साहेब, याला घेऊन जा," हवालदार म्हणाला. "आणि दिवा लावा."

गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली: शेतकऱ्याच्या मुलाला चिनी लागलं. डीननं मला बोलावून टेबलावर पेपर आपटला. "कॉलेजची शोभा झाली! स्टकी कुटुंब आपल्याला दरवर्षी मका देतं!" पण त्याच दुपारी मिसेस विन्शिप यांचा फोन आला. ऑगस्टा विन्शिप म्हणजे कॉलेजच्या विश्वस्तांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत श्रीमंत. नवऱ्याचा डबाबंद मटाराचा कारखाना होता. बाईंना बातमी फार आवडली होती. तुरुंगातसुद्धा जो इंग्रजी बोलला नाही तो मुलगा त्यांना बघायचा होता. आवडला तर चिनीसाठी काहीतरी कायमचं करायचा विचार होता.

डीननं फोन ठेवला आणि पेपरची घडी घातली. "मी नेहमीच म्हणतो, चीन हे भविष्य आहे."

शुक्रवारी हिरवळीवर टेबलं मांडली. वरच्या मजल्यावरच्या उकाड्यात बाईंना बसवणं शक्य नव्हतं, आणि खाली डुकरांची परीक्षा चालू होती. मी स्वयंपाकघरात पहाटेपासून मोमो वळत होते. डीननं स्वतः कलिंगडं आणवली. लॉयडनं स्वागताची चार वाक्यं म्हणायची, बाकीच्या नऊ जणांनी 'पाहुणे येतात' हा नववा धडा करून दाखवायचा, असं ठरलं.

सकाळी जिन्यात लाओशी भेटले. कठड्याला धरून उभे होते. चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा.

"लाओशी, बरं नाहीये का?"

"जिना वाढलाय," ते म्हणाले.

"आज पाहुण्यांना मी बघते. तुम्ही घरी जा."

"आणि दालीची वाक्यं कोण घेणार? तू? परवा तुझ्यासमोर त्यानं तिसरा सूर खाली पाडला, तू हूं का चूं केलं नाहीस." आणि ते लॉयडला घेऊन वर गेले.

वर काय झालं ते लॉयडनं मला नंतर सांगितलं. त्यानं चार वाक्यं म्हटली. लाओशी म्हणाले, पुन्हा. त्यानं पुन्हा म्हटली. लाओशी म्हणाले, पु. आणि टेबलाखाली कोसळले.

लॉयड वाकला, तोंड उघडलं, आणि इंग्रजीचा पहिला आवाज बाहेर येतोय तोच लाओशींनी जमिनीवरूनच हात वर करून त्याच्या तोंडावर ठेवला.

"चिनी," ते म्हणाले. "दहा."

मग त्यांना पुढचं बोलता आलं नाही.

लॉयड लंगडत जिना उतरून हिरवळीवर आला. मिसेस विन्शिप पुढच्या खुर्चीत, मांडीवर कलिंगडाची बशी. शेजारी डीन. मागे अर्धवर्तुळात नऊ पोरं. लॉयडला पाहून बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"हाच का तो? किती आडवातिडवा आहे! बोल बाळा!"

लॉयडनं तोंड धरलं. आजारपण चौदाव्या धड्यात होतं. डॉक्टर, दुखणं, छाती, मदत, सगळं चौदाव्यात. त्यानं अकरा धडे पालथे घातले आणि हात काढले.

"टेबलावर लाओशी नाहीत," तो म्हणाला. "टेबलाखाली लाओशी आहेत."

"वा!" बाई म्हणाल्या. "काय म्हणाला?"

"स्वागत करतोय," डीन म्हणाले. त्यांना चिनीतलं काही येत नव्हतं.

"टेबलाखाली कोण आहे?" मागच्या नऊ जणांनी एका सुरात विचारलं. त्यांना वाटलं ऐन वेळी धडा बदलला. वेंग लाओशींच्या पोरांना विधान ऐकलं की प्रश्न विचारायची सवयच लावलेली होती.

"लाओशी! लाओशी टेबलाखाली आहेत! गाडी कधी येते?" लॉयड ओरडला. हा अकरावा धडा. "गाडी! गाडी पाहिजे! मोठी गाडी! लवकर!"

"गाडी तीन वाजता येते," नऊ जणांनी पुस्तकातलं उत्तर दिलं. "कृपया बसा. कृपया चहा घ्या."

लॉयडच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मिसेस विन्शिप यांनीही रुमाल काढला. "भाषा कळत नाही हो, पण भावना अगदी आत पोचतेय," त्या डीनना म्हणाल्या, आणि कलिंगडाची पुढची फोड घेतली.

मी मोमोचं दुसरं ताट घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. 'टेबलाखाली लाओशी' एवढं कानावर पडलं. ताट कुठं टाकलं आठवत नाही. डीनच्या बुटावर होतं म्हणतात.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. कलिंगडाच्या एका फोडीएवढं आधी, असं ते म्हणाले नाहीत. ते मी मनात म्हणाले.

नर्सनं विचारलं, पडताना जवळ कोण होतं? लॉयड पुढं झाला. कुठं दुखतंय म्हणाले? घाम होता? उलटी? किती वेळ गेला? लॉयडनं तोंड धरलं नाही. त्यानं सगळं सांगितलं, भडाभडा, इंग्रजीत, रडत, पहिल्या 'पुन्हा'पासून शेवटच्या 'दहा'पर्यंत. नर्स लिहून घेत होती. मध्ये फक्त एक पडदा होता. पडद्यापलीकडे वेंग लाओशी डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डीन फुलं घेऊन आले.

"प्रोफेसर, तुम्ही जिंकलात! विन्शिपबाई वेड्या झाल्यात त्या कार्यक्रमानं. कायमचं अध्यासन देतायत. ते टेबलाचं काव्य त्यांना पाठ करायचंय. दहा पोरं टिकलीच असं समजा, मी माझा शब्द पाळला. तुंगबाई, तुम्हीही निश्चिंत राहा."

आयुष्यभर जे मागितलं ते एका फुलांच्या गुच्छासकट खाटेच्या पायथ्याशी उभं होतं. वेंग लाओशींनी तोंडावरची ऑक्सिजनची वाटी बाजूला केली.

"नऊ," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"लाओशी, गप्प पडा," मी चिनीत म्हणाले. "झोपा. ग्लानीत आहात तुम्ही."

"ग्लानीत नाही. काल एकजण इंग्रजी बोलला. दुसऱ्यांदा. नऊ राहिले."

"तुमचा जीव वाचवायला बोलला तो!"

"कशाला बोलला ते मी विचारलंय का? कशात बोलला ते सांग."

"हे हॉस्पिटल आहे, लाओशी. हा वर्ग नाही."

"शपथेत काय आहे? सगळीकडे." त्यांना दम लागला. "श्याओ तुंग, दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे. तेवढी एकच गोष्ट मी जशी सांगितली तशी आहे. ती तशी राहू दे." मग ते डीनकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "नऊ विद्यार्थी, सर."

डीन ल्यूडकेंनी फुलं खाटेच्या पायथ्याशी ठेवली. "प्रोफेसर," ते म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला नितांत आदर आहे." आणि त्या आदरापोटी त्यांनी सोमवारी विभाग बंद केला. अध्यासन वराहपालनाला वळवलं. विन्शिपबाईंनी तक्रार केली नाही. त्यांच्या नवऱ्याला डुकरं आवडायची.

लॉयडला न्यायला त्याचा बाप पिकअप घेऊन आला. मागचा दिवा अजून बंदच होता.

वेंग लाओशी त्याच आठवड्यात गेले. शेवटचा दीड दिवस त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मध्येच ते कान द्यायचे, थोडं थांबायचे, आणि म्हणायचे, "हो, जेवलो." त्यांनी दोन दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

अंत्यविधी कॉलेजच्या चॅपेलमध्ये झाला. त्यांचं इथं कुणी नव्हतं, म्हणून काय करायचं ते मीच ठरवलं. प्रार्थना नको, भाषणं नकोत. सूवेनबाईंचं पहिलं रीळ वाजवायचं, एवढंच. ते यंत्र उचलून आणायला चार माणसं लागली असती. लॉयड आणि त्याचा बाप दोघांनीच आणलं. वरच्या मजल्याची किल्ली वराहपालनवाल्यांकडे गेली होती, पण त्यांनी कपाट उघडून रीळ शोधून दिलं. भली माणसं.

सगळे बसल्यावर मी रीळ लावलं. खरखर झाली. मग सूवेनबाईंचा आवाज चॅपेलभर पसरला.

"जेवलात का?"

शांतता. मागच्या बाकावरून लॉयड उठला. तोंडावर हात न धरता, चारही सूर बरोबर लावून त्यानं उत्तर दिलं.

"हो, जेवलो. तुम्ही?"

यंत्रात खाट्‌कन आवाज झाला आणि एक पुरुष बोलायला लागला. उत्तरासाठी ठेवलेली शांतता ऐकून रीळ पुढं कोरंच आहे असं समजून वराहपालन विभागानं पुढचं वापरून टाकलं होतं. विषय होता गाभण डुकरिणीची निगा. मी यंत्राला कोपर मारलं. लॉयडनं मारलं. त्याच्या बापानं मारलं. व्याख्यान शेवटपर्यंत ऐकावं लागलं.